ते-रूप (जपानी क्रियापद)

ते-रूप हे जपानी क्रियापदाचे वाक्य न संपवता पुढच्या क्रियेला जोडून देणारे रूप. मराठीतल्या ‘-ऊन’ प्रत्ययाशी त्याचे काम बरेच जुळते : ‘ताबेरु’ म्हणजे खाणे, ‘ताबेते’ म्हणजे खाऊन.

जपानी क्रियापद लिंग, वचन, पुरुष यांपैकी कशालाच दाद देत नाही. मी जातो, ती जाते, ते जातात. सगळ्यांना एकच ‘इकु’. ठळक अनियमित क्रियापदेही दोनच, ‘सुरु’ (करणे) आणि ‘कुरु’ (येणे). नवशिक्याची गाडी अडते ती ते-रूपापाशी.

एका गटात काम सोपे असते : शेवटचा ‘रु’ काढून ‘ते’ लावायचा. दुसऱ्या, मोठ्या गटात शेवटचे अक्षर पाहावे लागते. उ, त्सु, रु यांचे ‘त्ते’ होते (मात्सु–मात्ते, थांबणे). मु, बु, नु यांचे ‘न्दे’ (योमु–योन्दे, वाचणे). कुचे ‘इते’, गुचे ‘इदे’, सुचे ‘शिते’. ‘इकु’ मात्र नियम मोडून ‘इत्ते’ होतो. ‘नु’ने संपणारे क्रियापद आजच्या जपानीत एकच, ‘शिनु’ म्हणजे मरणे. त्याचे रूप ‘शिन्दे’. ते मराठी माणसाला पाठ करावे लागत नाही.

हे नियम वाटतात तितके लहरी नाहीत. पूर्वी ‘काकिते’ (लिहून), ‘योमिते’ अशी सरळ रूपे होती. हेइआन काळात (794–1185) ती बोलण्यात झिजून ‘काइते’, ‘योन्दे’ होऊ लागली. झिजेची किंमत आजचा विद्यार्थी मोजतो : ‘काएरु’ परतणे असेल तर ‘काएत्ते’, बदलणे असेल तर ‘काएते’, आणि ‘म्हणून’ व ‘जाऊन’ या दोन्हींना ‘इत्ते’च. लिहिताना कांजी (चिनी लिपीतून आलेली चिन्हे) वेगळी, कानाला मात्र एकच.

जोडक्रियापदांत मराठी भाषक घरच्यासारखा वावरतो. ‘मिरु’ म्हणजे पाहणे, म्हणून ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन पाहणे. ‘ओकु’ म्हणजे ठेवणे. ‘शिते ओकु’, करून ठेवणे. घरातून निघताना जपानी माणूस ‘इत्ते किमासु’ म्हणतो, म्हणजे शब्दशः ‘जाऊन येतो’. इंग्रजीतून शिकताना याला लांबलचक स्पष्टीकरण लागते. मराठीत ते दोन शब्दांत भागते.

साम्य सगळीकडे पुरत नाही. नुसते ‘मात्ते’ म्हटले की ‘थांब ना’ अशी घरगुती विनंती होते, ‘थांबून’वर मराठी वाक्य थांबत नाही. ‘इरु’ (असणे) जोडल्यावर तर हमखास चूक होते. ‘ताबेते इरु’ म्हणजे खात आहे. त्याच चालीवर ‘शिन्दे इरु’चा अर्थ ‘मरत आहे’ असा लावला जातो. प्रत्यक्षात तो माणूस मेलेला असतो.