पेरणी यंत्र मापतं, प्लांटर मोजतो

मृग लागला की गावात एक प्रश्न ठरलेला. "भाऊ, प्लांटर एकरी किती किलोवर लावलाय?" विचारणाऱ्याने आयुष्यभर ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने सोयाबीन पेरलेलं असतं आणि यंदा कुणाचा तरी दहा वर्षं वापरलेला प्लांटर स्वस्तात घेतलेला असतो. प्लांटर किलोवर लागत नाही हे सांगितलं, की आपल्यालाच काही कळत नाही असा चेहरा करतो.

दोष एकट्याचा नाही. फण दिसले की विकणारा त्या लोखंडाला प्लांटर म्हणतो. बीबीएफला तर सगळेच प्लांटर म्हणतात. बीबीएफ म्हणजे रुंद वरंबा आणि बाजूला सरी, म्हणजे मातीचं काम. बियाणं कसं पडतं याच्याशी त्या नावाचा संबंध नाही. त्याच्यावर कोणतीही पेटी बसवलेली असू शकते. म्हणून नाव सोडा, झाकण उघडा. लांब पेटीच्या तळाशी खाचांचे रोलर दिसले तर पेरणी यंत्र. पेरणीच्या प्रत्येक ओळीला वेगळा डबा आणि त्यात तिरकी, काठाला घरं पाडलेली चकती असेल तर प्लांटर.

फण, नळ्या, खताची पेटी, चेन हे दोन्हीकडे सारखंच, त्यात वेळ घालवत नाही. पेरणी यंत्र तुम्हाला पाठ आहे. तिफणीच्या चाड्यावर जी मूठ चालायची, तेच काम इथे रोलर करतो.

खरी गोम इथे आहे. रोलरची खाच म्हणजे पायली. पायलीत बारीक दाणा भरा की टपोरा, माप तेच, दाण्यांची संख्या मात्र वेगळी. एकरी ३० किलो हा आपला जुना हिशोब. शंभर दाणे १० ग्रॅम भरत असतील तर ३० किलोत ३ लाख दाणे होतात. १४ ग्रॅम भरत असतील तर २ लाख १४ हजार. उगवण ७० टक्के धरली तर पहिल्यात २ लाख १० हजार झाडं, दुसऱ्यात दीड लाख. ४५ बाय ५ सेंटिमीटरवर एकरात झाडं लागतात साधारण १ लाख ७८ हजार. म्हणजे तेच यंत्र, तेच ३० किलो, आणि वाण बदलला की एका शेतात गर्दी, दुसऱ्यात विरळ. सोयाबीनच्या जेएस ३३५ वाणावर वर्षानुवर्षं बसवलेली मापाच्या पट्टीची खूण टपोऱ्या बियाण्याला तशीच ठेवणारे लोक पाहिले की मला राग येतो.

प्लांटरची चकती वजन बघत नाही. ढिगातून वर येताना एका घरात एक दाणा बसतो, जास्तीचे घसरून खाली जातात, वरचा नळीत पडतो. समजा चकतीला २४ घरं आहेत, चाकाच्या एका फेऱ्याला चकतीचा एक फेरा होतो आणि चाकाचा घेर १२५ सेंटिमीटर आहे. मग दर ५.२ सेंटिमीटरला एक दाणा. शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम असेल तर एकरी २०-२१ किलो जाईल. "एवढंच गेलं, मशीन बिघडलं" म्हणून बोंब मारायचं कारण नाही. दाट हवं असेल तर गरारी (चेनचं दातेरी चाक) बदला किंवा जास्त घरांची चकती घाला. पेरणी यंत्रात माप कमी-जास्त करणारी पेटीखालची पट्टी शोधू नका, ती इथे नसतेच.

चकतीचं घर मात्र दाण्याच्या मापाचं हवं. एका वर्षी मागून आणलेल्या प्लांटरमध्ये हरभऱ्याची चकती तशीच राहिली होती. मी बघितलं नाही. घरात दोन-दोन सोयाबीन बसले आणि अर्ध्या शेतातच पोती संपली. उलट घर लहान असलं तर दाणा बसतच नाही, किंवा अडकून फुटतो. सोयाबीनचं साल पातळ असतं, दाबलं की डाळ होते. रोलरखाली फट कमी ठेवली तर पेरणी यंत्रातही हेच होतं. नळीखाली गोणपाट धरा, डाळ दिसली की थांबा.

तपासणीही म्हणून वेगळी. पेरणी यंत्राचं चाक उचलून २० फेरे फिरवा आणि पडलेलं बियाणं तोला. घेर १.२५ मीटर आणि ४५ सेंटिमीटरवर ५ फण असतील तर जागा ५६ चौरस मीटर होते. हेक्टरी ७५ किलोला, म्हणजे एकरी ३० ला, ४२० ग्रॅम पडायला हवेत. प्लांटरचं चाक तसंच फिरवा, पण तोलू नका, प्रत्येक नळीचे दाणे मोजा. वीस फेऱ्यांना ४८० च्या आसपास हवेत. एखादी नळी मागे पडली तर त्या डब्याची चकती झिजलेली असते, नाहीतर बीजप्रक्रियेच्या औषधाचा चिकट थर घरांत बसलेला असतो. ओलं बियाणं सावलीत वाळवल्याशिवाय प्लांटरमध्ये टाकू नये, हा माझा हट्ट आहे. पेरणी यंत्र थोडं खपवून घेतं, चकती नाही.

वेगाचंही तसंच. ट्रॅक्टर पळवला की चकतीची घरं रिकामी जातात, म्हणून ताशी ४-५ किलोमीटरच्या वर जाऊ नये. चाकाला काळी चिकण माती चढली आणि ते घसरायला लागलं, की दोन्ही यंत्रं सारखीच फसवतात.

घरचं बियाणं असेल तर आधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून बघतो. साठच उगवले तर मी प्लांटर शेडमध्येच ठेवतो. मोजून टाकलेला दाणा उगवला नाही तर तिथे खाडाच पडतो. अशा बियाण्याला जुनं पेरणी यंत्रच बरं, रोलर थोडा जास्त उघडून.