चार इंजिनं म्हणजे जास्त सुरक्षित? जरा हिशोब करून बघू

मावशीला मुलाकडे जायचं होतं, अटलांटिक ओलांडून. तिकिटं बघायला बसलो तर तिची एकच अट, "हे बघ, चार इंजिनवालं विमान असेल तरच काढ, एवढ्या समुद्रावर एक बंद पडलं तर तीन तरी राहतात." मी शोधून शोधून दमलो कारण तिच्या मार्गावर आता सगळी दोन इंजिनांचीच विमानं आहेत. मावशी ऐकेना. तेव्हा तिला जे समजावलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय, कारण असं वाटणारी ती एकटी नाही.

पहिली गोष्ट म्हणजे एके काळी मावशीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. १९५३ मध्ये अमेरिकेत नियम झाला की दोन इंजिनांच्या विमानाने, एका इंजिनावर उडत ६० मिनिटांत गाठता येईल अशा विमानतळापासून लांब जायचं नाही. तेव्हा पिस्टनची इंजिनं होती आणि ती हवेत बंद पडणं ही काही फार नवलाची गोष्ट नव्हती. मग महासागर ओलांडायला चार इंजिनं हवीच. लांब पल्ल्याची जेट विमानंही तशीच, बीओएसी या ब्रिटिश कंपनीने १९५२ मध्येच कॉमेट उडवलं ते चार इंजिनांचं, अमेरिकेच्या पॅन ॲमने १९५८ मध्ये न्यूयॉर्क-पॅरिस सुरू केलं ते बोईंग ७०७ चार इंजिनांचं, डीसी-८, ब्रिटिशांचं व्हीसी-१०, सोव्हिएत एरोफ्लोटचं आयएल-६२, सगळी चारवाली. १९७० ला पॅन ॲमने बोईंग ७४७ म्हणजे जंबो आणलं आणि पुढे लुफ्थान्सा, जपान एअरलाइन्स, एअर इंडिया, क्वांटास, ज्या कंपनीला जगात मिरवायचं होतं तिच्याकडे जंबो असायचंच.

मग आता काय बदललं? इंजिन बदललं. आणि इथे मला थोडं रमू द्या, कारण विमानातला माझा सगळ्यात आवडता भाग हाच.

इंजिन विमानाला पुढे कसं ढकलतं तर हवा मागे फेकून, एवढं शाळेत झालंय. पण तेवढाच धक्का दोन पद्धतींनी मिळतो, थोडी हवा खूप जोरात फेका किंवा खूप हवा हळू फेका. समजा इंजिन जागेवर उभं आहे आणि सेकंदाला १० किलो हवा १०० मीटर प्रति सेकंद वेगाने फेकतंय, संवेग (वस्तुमान गुणिले वेग) झाला १०००. आता १०० किलो हवा १० मीटर प्रति सेकंदाने फेकली, संवेग पुन्हा १०००, म्हणजे धक्का सारखाच. पण ऊर्जा बघा, गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो ना, अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, तर पहिल्या पद्धतीत लागली ५०,००० ज्यूल आणि दुसऱ्या पद्धतीत फक्त ५,०००. तोच धक्का एक दशांश ऊर्जेत! हे पहिल्यांदा कागदावर मांडून बघितलं तेव्हा मी दोनदा गुणाकार तपासला होता.

उडत्या विमानात फरक एवढा मोठा नसतो, तिथे सूत्र असं: कार्यक्षमता म्हणजे २ भागिले (१ अधिक मागे फेकलेल्या हवेच्या झोताचा वेग भागिले विमानाचा वेग). विमान २५० मीटर प्रति सेकंदाने चाललंय आणि झोत ६०० ने बाहेर पडतोय तर उत्तर येतं साधारण ५९ टक्के. झोत ३३० वर आणला तर ८६ टक्के. झोताचा वेग विमानाच्या वेगाच्या जितका जवळ तितकं इंधन कमी वाया, बाकी सगळी ऊर्जा मागे राहिलेल्या हवेत वाऱ्यावर जाते, शब्दशः.

म्हणून इंजिनाच्या तोंडाशी तो भलामोठा फॅन आला. फॅनमधून आलेली बहुतेक हवा इंजिनाच्या गरम भागात जातच नाही, बाजूने निघून जाते. सुरुवातीच्या ७०७ च्या इंजिनात बाजूने जाणारी हवा शून्य, सगळी जळणाऱ्या भागातून. ७४७ च्या पहिल्या इंजिनात आत जाणाऱ्या दर किलोमागे साधारण ५ किलो बाजूने, दोन इंजिनांच्या बोईंग ७७७ च्या जीई९० इंजिनात ९ च्या आसपास. त्याच्या मोठ्या आवृत्तीचा फॅन सव्वातीन मीटर व्यासाचा आहे, आत उंच माणूस हात वर करून उभा राहील. एकदा शिडीने विमानात चढताना असा फॅन अगदी जवळून बघायला मिळाला. विमान उभं, इंजिन बंद, पण वाऱ्याने फॅन हळूहळू फिरत होता आणि त्यातून खट् खट् खट् असा आवाज येत होता. मागचा माणूस घाबरून म्हणाला काहीतरी ढिलं झालंय वाटतं. ढिलं असतंच ते! पाती मधल्या चकतीच्या खाचेत थोडी सैल बसवलेली असतात, इंजिन वेगात फिरलं की बाहेर ओढ बसून आपोआप घट्ट होतात.

तर या मोठ्या इंजिनाची ताकद किती? पहिल्या ७४७ चं एक इंजिन ४३,५०० पाउंड थ्रस्ट (म्हणजे धक्का) द्यायचं, चार मिळून १,७४,०००. जीई९० ची मोठी आवृत्ती एकटी १,१५,३०० देते, दोन मिळून २,३०,६००. दोघांनी चौघांना मागे टाकलं.

आता मावशीचा मुद्दा, सुरक्षिततेचा. दोनवाल्या विमानाला आता ६० ऐवजी विमानतळापासून १८० मिनिटं लांब जायची परवानगी हवी असेल तर ते इंजिन साधारण ५०,००० तासांत एकदापेक्षा जास्त वेळा हवेत बंद पडता कामा नये. ही किमान अट. तरी तीच धरून चालू. १० तासांचा प्रवास म्हणजे एका इंजिनासाठी ५,००० त एक शक्यता. चार इंजिनं असतील तर कुठलं तरी एक बंद पडायची शक्यता दोनवाल्याच्या दुप्पट, हे पहिलं. आणि एकाच प्रवासात दोन्ही आपापल्या कारणाने बंद पडायची शक्यता ५,००० गुणिले ५,००० म्हणजे अडीच कोटींत एक. शिवाय दोनवाल्याचं प्रत्येक इंजिन मुद्दाम दांडगं असतं, कारण टेकऑफच्या सगळ्यात वाईट क्षणी एक गेलं तरी उरलेल्या एकट्यावर वर चढता आलंच पाहिजे. चारवाल्याचं एक गेलं तर पाऊण ताकद उरते त्यामुळे त्याला एवढी जास्तीची ताकद लागत नाही, म्हणूनच एअरबस ए३४०-३०० टेकऑफनंतर इतकं सावकाश चढायचं.

खरी भीती वेगळीच आहे. वरचा गुणाकार दोन्ही इंजिनं एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच खरा. सगळी बंद पडण्यामागचं कारण एकच असेल तर इंजिनांचा आकडा कितीही असो, उपयोग नाही. २४ जून १९८२ च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं ७४७ जावाजवळ ३७,००० फुटांवर गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. राखेचे कण आत वितळले, पुढे टर्बाइनवर (गरम वायूने फिरणाऱ्या चक्रावर) काचेसारखे चिकटले आणि हवेची वाट अडली. विमान तरंगत खाली आलं, बंद इंजिनं गार झाली, काच तडकून निघाली आणि इंजिनं पुन्हा सुरू झाली, जाकार्ताला सगळे सुखरूप उतरले. १९८३ मध्ये मायामीहून निघालेल्या तीन इंजिनांच्या एका विमानात तिन्हीकडे तीच सील रिंग बसवायची राहिली होती, तिन्हीतलं ऑइल गळालं, नशिबाने परत उतरलं. म्हणून आता लांब समुद्रावर जाणाऱ्या दोनवाल्या विमानात एकाच मेकॅनिकने एकाच वेळी दोन्ही इंजिनांचं तेच काम करायचं नाही असा दंडक आहे. सुरक्षितता इथे आहे, आकड्यात नाही. विमानात १३ नंबरची रांगच न ठेवणाऱ्या कंपन्या आहेत, तीही आकड्याचीच भीती आणि तिला काडीचाही आधार नाही.

जाहिरातींनीही या समजुतीला खतपाणी घातलं. व्हर्जिन अटलांटिकच्या ए३४० वर लांबच्या प्रवासाला चार इंजिनं अशा अर्थाची ओळ रंगवलेली असायची. आज त्या कंपनीकडे चारवालं एकही नाही. सिंगापूर एअरलाइन्सचं बघा, सिंगापूर ते न्यूयॉर्कजवळचं नेवार्क २००४ ते २०१३ ए३४०-५०० ने जायचे, टाक्या २ लाख लिटरच्या वर, शेवटी परवडेना म्हणून बंद केलं. २०१८ मध्ये तोच मार्ग दोन इंजिनांच्या ए३५० ने परत सुरू झाला, टाक्या १,६५,००० लिटरच्या.

मावशी शेवटी दोनवाल्यानेच गेली आणि वाटभर झोपली. पण चारवालं बघायची हौस असेल तर अजून मिळतं, लुफ्थान्साकडे ७४७ आहे, आणि एअरबसच्या चार इंजिनांच्या एकूण २५१ ए३८० पैकी १२३ एकट्या एमिरेट्सने घेतली. ए३८० ने गेलात तर उतरताना पंखाकडे लक्ष ठेवा. विमान थांबवायला झोत उलटा फिरवतात तो फक्त आतल्या दोन इंजिनांचा, बाहेरच्या दोघांना ती सोयच नाही, कारण ती इतकी लांब असतात की धावपट्टीच्या कडेवरचे दगडधोंडे उडवतील.