बेट३६५

इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट या शहरात मुख्यालय असलेली, कोट्स कुटुंबाच्या मालकीची ऑनलाइन सट्टा व जुगार कंपनी. तिची स्थापना २००० साली झाली आणि मार्च २००१ मध्ये तिचे संकेतस्थळ सुरू झाले. जगातील मोठ्या सट्टा-कंपन्यांमध्ये तिची गणना होत असली, तरी ती शेअर बाजारात नोंदलेली नाही. संस्थापक डेनिस कोट्स यांच्याकडे निम्म्याहून अधिक भाग असून त्या आणि त्यांचे बंधू जॉन कोट्स मिळून कंपनीचा कारभार पाहतात, तर वडील पीटर कोट्स यांच्या जुन्या दुकानांच्या व्यवसायातून तिचा जन्म झाला. कंपनीच्या आर्थिक परिणामाचा विचार करताना ही कौटुंबिक मालकी सतत ध्यानात ठेवावी लागते, कारण जगभरातील लाखो गिऱ्हाइकांनी हरलेला पैसा एका मध्यम आकाराच्या औद्योगिक शहरात आणि एका घरात जमा होण्याचे असे उदाहरण विरळाच.

ब्रिटनमध्ये शर्यतीच्या मैदानाबाहेर रोखीने पैज घेणारी दुकाने १ मे १९६१ पासून कायदेशीर झाली. पीटर कोट्स हे खाणकामगाराचे पुत्र. फुटबॉलच्या मैदानांवर खाद्यपदार्थ पुरवण्याच्या धंद्यात जम बसल्यावर त्यांनी १९७४ मध्ये ‘प्रोव्हिन्शियल रेसिंग’ या नावाने अशी दुकाने काढली. १९६७ साली जन्मलेल्या डेनिस यांनी शाळकरी वयातच या दुकानांच्या हिशेबाचे काम केले, शेफिल्ड विद्यापीठातून अर्थमिती या विषयात प्रथम श्रेणीची पदवी घेतली आणि पुढे या साखळीची सूत्रे हाती घेतली. दुकानाचा धंदा गल्लीपुरता असतो. गिऱ्हाईक चालत येते आणि दुकानाला कुलूप लागले की धंदाही बंद होतो. इंटरनेटवर या दोन्ही मर्यादा राहणार नाहीत, हे त्यांनी वेळेवर ओळखले. जानेवारी २००० मध्ये त्यांनी ईबेवरील विक्रीतून ‘बेट३६५’ हे संकेतस्थळाचे नाव (डोमेन) २५ हजार डॉलरना विकत घेतले, दुकाने तारण ठेवून रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडकडून दीड कोटी पौंडांचे कर्ज काढले आणि एका वाहनतळावरील पोर्टाकॅबिनमध्ये काम सुरू केले. २००५ मध्ये ती दुकाने ‘कोरल’ या प्रतिस्पर्धी कंपनीला चार कोटी पौंडांना विकली गेली व त्यातून कर्ज फिटले. दुसऱ्यांना पैज लावायला लावणाऱ्या या धंद्यात मालकांनी स्वतः लावलेली मोठी पैज बहुधा हीच.

कंपनीच्या वाढीचे मुख्य कारण म्हणजे चालू सामन्यावरील सट्टा. पूर्वी शर्यत किंवा सामना सुरू झाला की पैज घेणे थांबत असे. बेट३६५ने खेळ चालू असताना क्षणोक्षणी भाव, म्हणजे जिंकल्यास लावलेल्या पैशाच्या किती पट मिळेल तो दर, बदलत ठेवण्यावर भर दिला, त्याला सामन्यांच्या थेट प्रक्षेपणाची जोड दिली आणि अभिनेता रे विन्स्टन याच्या जाहिरातींतून ही पद्धत घरोघरी पोहोचवली. फुटबॉलमध्ये पुढचा कॉर्नर कोणाला मिळेल, पुढचा गुण कोण घेईल, अशा बारीकसारीक गोष्टींवरही पैसे लावता येऊ लागले. अर्थात, भाव सेकंदासेकंदाला बदलायचा आणि त्याच वेळी लाखो लोकांच्या पैजा नोंदवायच्या, तर साधी संगणकप्रणाली पुरी पडत नाही. त्यामुळे कंपनीने दूरध्वनी यंत्रणांसाठी विकसित झालेली अर्लँग ही संगणकभाषा वापरात आणली आणि २०१७ मध्ये ‘बाशो’ या बंद पडलेल्या कंपनीचे ‘रियाक’ हे विदागार-तंत्रज्ञान (डेटाबेस) विकत घेऊन ते सर्वांसाठी खुले केले. सट्टा-कंपनी ही खरे तर सॉफ्टवेअर कंपनी असते, असे जे म्हटले जाते ते या बाबतीत तरी अतिशयोक्त नाही.

या धंद्यातील नफा नशिबावर अवलंबून नसतो, तो भावातच मुरलेला असतो. समजा, दोन तुल्यबळ खेळाडूंचा सामना आहे. दोघांच्याही जिंकण्याची शक्यता निम्मी असल्याने न्याय्य भाव दुप्पट हवा, म्हणजे १०० रुपये लावून जिंकणाऱ्यास २०० रुपये मिळायला हवेत. कंपनी मात्र दोघांवर १.९० असा भाव देते. एकाने एका बाजूवर व दुसऱ्याने दुसऱ्या बाजूवर १०० रुपये लावले, तर २०० रुपये जमा होतात आणि कोणीही जिंकला तरी १९० रुपयेच द्यावे लागतात. १० रुपये कंपनीकडे राहतात. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंवर सारखा पैसा येत नाही आणि एखाद्या सामन्यात कंपनी हरतेही, परंतु अशा लाखो पैजांची गोळाबेरीज कंपनीच्याच बाजूने झुकते. सातत्याने जिंकणाऱ्या गिऱ्हाइकाची पैजेची मर्यादा खाली आणण्याचा रिवाजही या व्यवसायात सर्रास आहे. मार्च २०१८ला संपलेल्या वर्षात बेट३६५वर खेळांच्या पैजांसाठी सुमारे ५२.५ अब्ज पौंड लावले गेले. हा आकडा डोळे दिपवणारा असला, तरी त्यात जिंकलेले पैसे पुन्हा पुन्हा लावल्याची मोजदाद असते, हे विसरून चालत नाही. मार्च २०२४ला संपलेल्या वर्षात कंपनीचे उत्पन्न ३.७ अब्ज पौंडांच्या घरात होते. त्याच्या आधीच्या वर्षी मात्र नव्या देशांतील विस्तारावरील खर्चामुळे तिला सुमारे ६ कोटी पौंडांचा तोटा झाला होता.

डेनिस कोट्स यांचे वेतन हा ब्रिटनमध्ये दरवर्षी बातमीचा विषय असतो. मार्च २०२०ला संपलेल्या वर्षात त्यांनी ४२.१ कोटी पौंड वेतन घेतले आणि लाभांश धरून ही रक्कम सुमारे ४६.९ कोटींवर गेली. ही रक्कम मुख्यतः वेतन म्हणून घेतल्याने तिच्यावर आयकराचा ४५ टक्के हा सर्वोच्च दर लागतो. परिणामी ‘संडे टाइम्स’ने तयार केलेल्या करदात्यांच्या २०२१च्या यादीत हे कुटुंब सुमारे ५७.३ कोटी पौंडांसह पहिल्या क्रमांकावर होते. एकीकडे अवाजवी वेतनाची टीका आणि दुसरीकडे प्रामाणिक करदाते म्हणून कौतुक, हे दोन्ही एकाच व्यवहारातून उद्भवतात. या चित्राला दुसरी बाजूही आहे: स्पर्धक कंपन्या जिब्राल्टर या कमी कर असलेल्या ब्रिटिश प्रदेशात गेल्यानंतरही काही काळ स्टोकमध्येच राहिलेल्या बेट३६५ने पुढे आपल्या व्यवसायासाठी जिब्राल्टरचा परवाना घेतलाच.

स्टोकच्या दृष्टीने कंपनीचे महत्त्व जागेवरूनच कळते. तिचे मुख्यालय एट्रुरिया भागात आहे. जोसाया वेजवुड याने १७६९ मध्ये आपला प्रसिद्ध चिनीमातीचा कारखाना उभारला तो याच भागात. पुढे तेथे शेल्टन बार हा पोलाद कारखाना धडधडत होता आणि तो बंद पडल्यावर मोकळ्या झालेल्या जमिनीवर १९८६ साली बागांचा राष्ट्रीय महोत्सव भरला. खाणी मिटल्या, भट्ट्या विझल्या; शहराच्या बर्स्लेम भागातील रॉयल डोल्टन या चिनीमातीच्या भांड्यांच्या कंपनीचा कारखाना २००५ मध्ये बंद झाला, म्हणजे कोट्स कुटुंबाने दुकाने विकली त्याच वर्षी. अशा शहरात काही हजार नोकऱ्या, त्यातही प्रोग्रामर, गणिती आणि भाव ठरवणारे विश्लेषक यांच्या नोकऱ्या, ही मोठी गोष्ट ठरली. पीटर कोट्स यांनी २००६ मध्ये स्टोक सिटी हा फुटबॉल क्लब पुन्हा ताब्यात घेतला. २००८ ते २०१८ हा क्लब प्रीमियर लीग या इंग्लंडमधील सर्वोच्च स्पर्धेत खेळला आणि २०१६ पासून त्याच्या मैदानाला कंपनीचेच नाव आहे. डेनिस कोट्स फाउंडेशनने २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, स्थानिक रुग्णालयांना १ कोटी पौंड दिले.

या लाभाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न मात्र शहराबाहेर विचारावा लागतो, कारण हरणारे विखुरलेले असतात आणि त्यांचे गाव नकाशावर दाखवता येत नाही. ऑस्ट्रेलियातील संघीय न्यायालयाने २०१६ मध्ये ‘मोफत पैज’ या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल कंपनीला २७.५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. ब्रिटनच्या जुगार आयोगानेही २०२४ मध्ये ग्राहकसंरक्षण व काळ्या पैशाला आळा घालण्याच्या नियमांतील त्रुटींसाठी सुमारे ५.८२ लाख पौंड भरायला लावले. क्रेडिट कार्डाने जुगार खेळण्यास ब्रिटनमध्ये एप्रिल २०२० पासून बंदी आहे.

भारतात १८६७चा सार्वजनिक जुगार कायदा आणि महाराष्ट्रात लागू असलेला १८८७चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा इंटरनेटच्या कितीतरी आधीचे. घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ मानून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वेगळे ठरवल्याने महालक्ष्मी आणि पुण्याच्या मैदानांवर कायदेशीर बुकी बसतात, क्रिकेटवरचा सट्टा मात्र चोरवाटेनेच चालतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा संमत केला.

त्याच वर्षी बेट३६५ने चीनच्या बाजारातून माघार घेतली आणि कुटुंब सुमारे ९ अब्ज पौंडांना कंपनी विकण्याची शक्यता चाचपून पाहत असल्याचे वृत्त ब्रिटिश वृत्तपत्रांत आले.