नवा राऊटर आणि ‘बाद’ झालेला लॅपटॉप

नवा राऊटर बसवला की जुन्या लॅपटॉपचं वायफाय कार्ड बाद होतं, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. कार्ड बहुतेक वेळा ठणठणीत असतं, नडतात सेटिंग्ज.

यादीत नेटवर्कच दिसत नसेल तर आधी बँड, म्हणजे राऊटर कोणत्या रेडिओ लहरींवर चालतो ते, पाहा. फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या कार्डाला ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसणारच नाही. दुसरं कारण फसवं आहे: वायफाय ६ या नव्या पिढीचा राऊटर आपल्या नेटवर्कची जी घोषणा करत राहतो, तिच्यातले नवे तपशील इंटेलच्या कार्डांच्या काही जुन्या ड्रायव्हरना (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) उमगत नाहीत आणि ते अख्खं नेटवर्कच गाळतात. लॅपटॉप केबलने राऊटरला जोडा, ड्रायव्हर अपडेट करा, रीस्टार्ट करा.

नेटवर्क दिसतं, पासवर्डही बरोबर, तरी जोडणी होत नाही? मग संशय डब्ल्यूपीए३ वर घ्या. वायफायची ही सुरक्षा पद्धत २०१८ साली आली. बऱ्याच जुन्या कार्डांना ती जमत नाही. राऊटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क) सुरू करून त्याला डब्ल्यूपीए२-एईएस ही आधीची सुरक्षा द्या. त्या बँडची रुंदी २० मेगाहर्ट्झ आणि चॅनल १, ६ किंवा ११ ठेवा. गेस्टवरून घरातला प्रिंटर सहसा दिसत नाही, एवढी अडचण सोसावी लागते. वैतागून डब्ल्यूईपी ही फार जुनी सुरक्षा मात्र लावू नका. ती काही मिनिटांत फोडता येते.