बास गिटारचे पिकअप : निवड आणि बदल

बास गिटारच्या पोलादी तारांचे कंपन टिपून त्याचे विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या चुंबकीय घटकाला पिकअप म्हणतात. वाद्याबरोबर आलेले पिकअप काढून त्या जागी दुसरे बसवण्याची प्रथा १९७०च्या दशकात अमेरिकेत रुजली. सुटे पिकअप विकणाऱ्या डिमार्झिओ आणि सेमूर डंकन या कंपन्या त्याच दशकातल्या. या बदलामागची सर्वांत सामान्य अपेक्षा अशी, की एकाच बासवर भरदार खर्जही मिळावा, बोटांचा खणखणीत ठोकाही ऐकू यावा आणि संथ गाण्यात तोच आवाज मऊ करता यावा. अशी अष्टपैलू बास घडवताना पिकअप कोणत्या कंपनीचा, यापेक्षा तो तारेखाली कोणत्या जागी आहे आणि त्याची जोडणी कशी केली आहे, याचा वाटा मोठा असतो. निवडीची सुरुवात म्हणूनच कंपन्यांच्या यादीऐवजी हातातल्या वाद्यापासून करावी.

रचना : चुंबकाभोवती तांब्याच्या अतिशय बारीक, लेपयुक्त तारेचे हजारो फेरे गुंडाळले, की साधे पिकअप तयार होते. या कामी बहुधा ४२ गेजची तार वापरतात. तिचा व्यास सुमारे ०.०६३ मिमी असतो. वरची पोलादी तार हलली, की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात अल्पसा विद्युत दाब निर्माण होतो. फेरे वाढवले तर आवाज मोठा होतो, मध्य सप्तकाचा भाग पुढे येतो आणि वरचा तजेला कमी होतो. याचे कारण असे, की वेटोळ्याची प्रवर्तकता आणि केबलची धारकता मिळून एका ठरावीक कंप्रतेपाशी अनुस्पंदन होते. हा उंचवटा साधारण २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. फेरे वाढले, की तो खाली सरकतो आणि त्याच्या वरचे सगळे गळून पडते. लांब केबल लावल्यावर बास किंचित मंद वाटते ती याच कारणाने.

विक्रेते पिकअपचा रोध किलोओहममध्ये सांगतात. फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बासच्या घाटाच्या पिकअपचा रोध साधारण १० ते ११ किलोओहम आणि तिच्याच जॅझ बासच्या घाटाच्या पिकअपचा ७ ते ८ किलोओहम असतो. या आकड्यावरून ‘ताकद’ ठरवण्याची सवय मात्र फसवी आहे. तार बारीक वापरली तरी रोध वाढतो आणि चुंबक कोणता आहे, हे त्या आकड्यातून कळतच नाही. एकाच घाटाचे, एकाच गेजच्या तारेचे दोन पिकअप शेजारी ठेवले, तरच ही तुलना अर्थपूर्ण ठरते. चुंबक बहुधा अल्निको ५ किंवा सिरॅमिक असतो. अल्निको म्हणजे लोखंडात ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट मिसळून केलेला मिश्रधातू. सिरॅमिकचे पिकअप बहुधा अधिक जोरकस आणि कडक कडेचे असतात. तरी चुंबकाचे नाव वाचून स्वराची खात्री देता येत नाही, कारण वेटोळ्याची रचनाही त्यात तितकीच बोलते.

घाट आणि जागा : लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणली तेव्हा तिला साधा एकवेटोळी पिकअप होता. १९५७ मध्ये त्याचे दोन तुकडे झाले : एक ई आणि ए तारांखाली, दुसरा डी आणि जी तारांखाली. दोन्ही तुकड्यांची गुंडाळणी आणि चुंबकीय ध्रुव परस्परविरुद्ध ठेवल्यामुळे बाहेरून येणारी विजेची गुणगुण एकमेकींना मारते, तारेचा संकेत मात्र टिकतो. प्रत्येक तारेच्या दोन्ही बाजूंना एकेक ध्रुव आल्याने ठोकाही मऊ झाला. १९६० मध्ये आलेल्या जॅझ बासला दोन अरुंद एकवेटोळी पिकअप मिळाले, एक मानेच्या बाजूला आणि एक ब्रिजजवळ, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीजवळ. १९७६ मध्ये म्युझिक मॅनच्या स्टिंगरेने मोठे चुंबक असलेला एकच जाड हमबकर (गुणगुण मारणारा दोन वेटोळ्यांचा पिकअप) आणि बॅटरीवर चालणारा प्रीअँप (वाद्यातच संकेत वाढवणारा छोटा प्रवर्धक) यांची जोड दिली. बदलीसाठी आज मिळणारे बहुतेक पिकअप या तीन घाटांपैकी एखाद्याची सुधारित आवृत्ती असतात. गिब्सनच्या जुन्या बासवर मानेला लागून बसवलेला भला मोठा पिकअप हा वेगळा पंथ. त्याचा खर्ज प्रचंड, पण स्वर स्पष्ट ऐकू येणे कठीण. बासवादक बिली शीहान यांनी तसा पिकअप आपल्या प्रिसिजन बासमध्ये मानेजवळ वाढवला, मूळचा तसाच ठेवला आणि दोघांचे संकेत वेगवेगळ्या वाटांनी बाहेर काढले.

जागेचे महत्त्व साध्या गणिताने पटते. फेंडर घाटाच्या बासवर तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे ८६४ मिमी असते. ब्रिजपासून तिच्या एक-षष्ठांश अंतरावर, १४४ मिमीवर, मोकळ्या तारेचा सहावा अधिस्वर, म्हणजे मूळ स्वराच्या सहापट कंप्रतेचा स्वर, स्थिर असतो. त्या बिंदूच्या नेमका खाली असलेल्या पिकअपला तो जवळपास ऐकूच येत नाही. ब्रिजकडे सरकावे तसे मूळ स्वराचे कंपन लहान होते, वरचे अधिस्वर तुलनेने पुढे येतात आणि आवाज कडक, नाकात बोलल्यासारखा होतो. सतार घोडीजवळ छेडली की ती जशी बोलते, तसाच हा प्रकार. मानेकडे गोलाई वाढते. जागेतून येणारा हा फरक कोणताही नवा पिकअप पुसून टाकू शकत नाही. ब्रिजजवळच्या खाचेत मानेजवळचा आवाज मागणारा माणूस पैसे घालवतो.

बासवादक जॅको पास्टोरियस यांचा गाता, पडदेरहित स्वर १९६२च्या जॅझ बासच्या ब्रिज पिकअपमधून आला. जेम्स जेमर्सन यांचा मोटाउन या अमेरिकी ध्वनिमुद्रण कंपनीच्या गाण्यांतला गोल ठोका १९६२च्या प्रिसिजन बासचा. पण त्यात चपट्या वेटोळ्याच्या जुन्या तारा आणि ब्रिजपाशी दाबलेला फोमचा तुकडा यांचा वाटा पिकअपइतकाच होता. मार्कस मिलर यांची १९७७ची जॅझ बास दोन्ही पिकअप एकत्र ठेवून अंगठ्याने वाजवण्याचा नमुना मानली जाते. दोन पिकअप समांतर जोडले, की दोन जागांचे संकेत काही कंप्रतांवर एकमेकांना खोडतात, मध्यभाग पोकळ होतो, तळ आणि टोक उठून दिसतात. एका पिकअपचा आवाज थोडा कमी केला, की मध्यभाग परत येतो. जॅझ बास बदलत्या शैलींसाठी लोकप्रिय आहे त्यामागे हेच साधे तंत्र आहे.

गुणगुण : एकवेटोळी पिकअप भोवतालच्या विजेची गुणगुण पकडतो. भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, अमेरिकेत ६० हर्ट्झचा, त्यामुळे गुणगुणीचा सूर इथे थोडा खालचा लागतो. खर्जाची ए तार ५५ हर्ट्झवर असते, म्हणजे ही घरघर बासच्या स्वतःच्या प्रदेशातच मिसळते. जॅझ बासचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असताना ती नाहीशी होते, एक जरा कमी केला की परत येते. महाराष्ट्रातल्या ऑर्केस्ट्रांत, गणेशोत्सवाच्या मंडपात जनरेटरवर, दिव्यांच्या डिमरशेजारी वाजवणाऱ्याला हा प्रश्न स्टुडिओतल्या वादकापेक्षा कितीतरी तीव्रतेने जाणवतो. त्याच वादकाला एका रात्रीत लावणी, कोळीगीत, जुनी हिंदी गाणी आणि भजन वाजवायचे असते. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांनी वाजवलेल्या बासची गाणी या कार्यक्रमांत हमखास असतात आणि त्यांतली बासची ओळ श्रोत्यांना पाठ असते. अशा वादकासाठी गुणगुण मारणारे पिकअप ही माझ्या मते पहिली अट असावी.

जॅझच्या खाचेत बसणारे असे पिकअप दोन तऱ्हांचे असतात. एकात दोन वेटोळी एकाखाली एक रचतात. फेंडरचे नॉइजलेस आणि सेमूर डंकनचे स्टॅक या जातीचे. दुसऱ्यात प्रिसिजनप्रमाणे दोन-दोन तारांसाठी एकेक वेटोळे एका रांगेत बसवतात. रांगेतल्या रचनेत प्रत्येक वेटोळ्यासमोर दोनच तारा असतात, त्यामुळे मूळ एकवेटोळी पिकअपची थोडी चमक जाते आणि मध्यभाग भरतो. ज्याला १९६०च्या दशकातला तोच काचेसारखा वरचा स्वर हवा आहे, त्याने हा व्यवहार समजून घ्यावा. पिकअपची खाच तांब्याच्या चिकटपट्टीने किंवा वाहक रंगाने आतून मढवली, तरी दिव्यांचा कर्कश खरखराट बराच कमी होतो. पण मुख्य गुणगुण त्याने जात नाही.

पी-जे जोडी : प्रिसिजनचा दुभागलेला पिकअप आणि ब्रिजजवळ जॅझचा एक, ही मांडणी अष्टपैलू बासचे सर्वांत व्यवहार्य उत्तर आहे. पी एकटा वाजवला तर बँडच्या गर्दीतही वाट काढणारा आवाज मिळतो आणि जे थोडा मिसळला तर कडा येते. अडचण प्रमाणाची आहे. पी जोरकस असतो, तर ब्रिजजवळ तार कमी हलते, म्हणून जे दुबळा पडतो आणि मिसळूनही ऐकू येत नाही. जोडी घेताना म्हणूनच पी मध्यम ताकदीचा, जुन्या घाटाचा घ्यावा आणि जे थोडा अधिक फेऱ्यांचा, गुणगुण मारणारा. पी स्वतः गुणगुण मारत असला, तरी एकवेटोळी जे-ची घरघर तो झाकू शकत नाही. इथे जॅझ बासची युक्ती चालत नाही. जाड ध्रुवांचा, अतिजोरकस पी रॉकमध्ये मजा देतो, पण मऊ वाजवण्यातले बारकावे झाकतो. दोन वेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र केले आणि आवाज पातळ होऊन खर्ज नाहीसा झाला, तर ते उलट कलेत आहेत, म्हणजे एकाचा संकेत दुसऱ्याच्या विरुद्ध दिशेने हलतो आहे, असे समजावे. एकाच्या दोन तारा अदलाबदल करून झाळल्या, की प्रश्न सुटतो. त्यापूर्वी त्या पिकअपचे धातूचे कवच संकेत वाहणाऱ्या (‘हॉट’) तारेला जोडले जाणार नाही, एवढे पाहावे.

जॅझ बास असेल तर पिकअप न बदलताही बरेच हाती लागते. दोन्ही पिकअप समांतरऐवजी एकसरीत जोडणारा छोटा स्विच बसवला, की आवाज वाढतो, पोकळ मध्यभाग भरतो आणि बास प्रिसिजनच्या पुष्कळ जवळ जाते. खर्च नगण्य, लाभ मोठा. हा स्विच बसवून महिनाभर वाजवल्यावर नवे पिकअप हवेत की नाही, हे आपोआप ठरते.

ॲक्टिव्ह पिकअप : ईएमजीसारख्या पिकअपच्या आतच ९ व्होल्ट बॅटरीवर चालणारा छोटा प्रवर्धक असतो. बाहेर पडणारा संकेत कमी संरोधाचा असल्याने लांब केबलनेही वरचा स्वर गळत नाही आणि गुणगुण अत्यल्प राहते. त्यांना २५ किलोओहमचे पॉट (आवाज आणि टोनच्या नॉबखालचे बदलते रोध) लागतात, तर साध्या पिकअपना २५० किंवा ५०० किलोओहमचे. साधा पिकअप २५ किलोओहमच्या पॉटला जोडला, की त्याचा सगळा तजेला बसतो, म्हणून दोन जाती एकाच वाद्यात मिसळू नयेत. साधा पिकअप ठेवून वेगळा प्रीअँप घालण्याचा मार्ग मला अधिक लवचीक वाटतो : बॅटरी संपली तर बटण दाबून साध्या आवाजावर कार्यक्रम पुरा करता येतो. अर्थात प्रीअँपमध्ये तशी सोय आहे का, हे आधी तपासायला हवे.

मापे आणि बसवणी : खाचेत न बसणारा उत्तम पिकअप निरुपयोगी असतो. पारंपरिक जॅझ जोडीत ब्रिजचा पिकअप मानेच्या पिकअपपेक्षा दोन-तीन मिलिमीटर लांब असतो, तर काही स्वस्त वाद्यांत दोन्ही सारखेच असतात. चौकोनी, झाकलेल्या सोपबार घाटातही लांबी वेगवेगळी असते. ईएमजीचे ३५, ४० आणि ४५ हे क्रमांक अनुक्रमे साडेतीन, चार आणि साडेचार इंच लांबीचे आहेत. पाच तारांच्या बासवर ३१ हर्ट्झच्या आसपासची बी तार ध्रुवांच्या टोकाबाहेर जाणार नाही, हे पाहणे अत्यावश्यक आहे. लाकूड कोरून खाच मोठी करण्याची वेळ येत असेल, तर दुसरा पिकअप शोधणे शहाणपणाचे.

बसवल्यावर शेवटचा पडदा दाबून तार आणि पिकअप यांमधले अंतर अडीच ते साडेतीन मिमीच्या आसपास ठेवून सुरुवात करावी आणि पुढचे कानावर सोडावे. खर्जाच्या बाजूला अंतर थोडे जास्त लागते. चुंबक फार जवळ गेला तर तो तारेला ओढतो आणि सूर डगमगतो. पिकअप निर्जीव वाटण्याच्या अनेक तक्रारी या उंचीच्या, मळलेल्या तारांच्या किंवा खराब झालेल्या पॉटच्या निघतात. हे तिन्ही तपासल्यावाचून खरेदी करू नये. टोनच्या पॉटवर बहुधा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. तो लहान मूल्याचा केला, तर नॉब बंद केल्यावर आवाज कमी मंद होतो.

जुन्या, विशेषतः जानेवारी १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीकडे जाण्यापूर्वीच्या वाद्यांना हा सगळा नियम लागू नाही. त्यांचे मूळ पिकअप आणि कारखान्यातले झाळकाम यांना हात लावला, की संग्राहकांच्या लेखी वाद्याची किंमत उतरते. बिघडलेले वेटोळे जाणकाराकडून पुन्हा गुंडाळून घेता येते. तेही शक्य नसेल, तर काढलेला मूळ पिकअप त्याच वाद्याच्या पेटीत जपून ठेवतात.