मांडणीच्या काळाशी जुळणाऱ्या वाघिणींची निवड : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

उत्तर अमेरिकी रेल्वेची छोटी प्रतिकृती, म्हणजेच मांडणी, उभारणारे ग्राहक इंजिन पारखून घेतात. वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, मात्र बहुधा रंग आवडला म्हणून घेतल्या जातात. वाफेचे इंजिन आणि डिझेल इंजिन यांतील फरक कोणालाही दिसतो, पण वाघिणीचे वय तिच्या अंगावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते आणि ते वाचण्याची सवय करून घ्यावी लागते.

प्रथम ‘वाफेचा काळ’ असा सैल शब्द बाजूला ठेवून एक नेमके वर्ष, जमल्यास महिनाही, ठरवावा. त्यानंतर एकच कसोटी लावावी : वाघिणीवरील सर्वांत अलीकडची खूण तुमच्या वर्षानंतरची नसावी. येथे बांधणीच्या वर्षावर विसंबणे धोक्याचे असते. 1948 साली बांधलेली बॉक्सकार (चारी बाजूंनी बंद, छताची वाघीण) पेन सेंट्रल या रेल्वे कंपनीच्या हिरव्या रंगात असेल, तर ती 1955 च्या मांडणीवर चालणार नाही, कारण ती कंपनीच 1 फेब्रुवारी 1968 रोजी अस्तित्वात आली.

एचओ या प्रतिकृतींच्या मापात, म्हणजे 1:87 प्रमाणात, 40 फुटी बॉक्सकार जेमतेम 14 सेंटिमीटर भरते, त्यामुळे भिंग हाताशी असावे. बाजूच्या पत्र्यावर भारक्षमता आणि रिकाम्या वाघिणीचे वजन दिलेले असते. वजनाशेजारी ‘न्यू’ हा शब्द आणि महिना-वर्ष असल्यास ते वजन कारखान्यातून निघतानाचे आहे. वाघीण पुन्हा तोलली की कर्मचारी तेवढ्याच जागेवर ताजा रंग मारून तेथे वजन करणाऱ्या ठिकाणाचे संक्षिप्त चिन्ह आणि नवी तारीख रंगवीत. काजळलेल्या अंगावरचा तो स्वच्छ चौकोन प्रतिकृतीतही फार खरा वाटतो, आणि तो करायला एक लहान कुंचला पुरतो.

छत तर दुरूनही बोलते. ब्रेकवाल्यांना गाडीच्या माथ्यावरून चालता यावे म्हणून बसवलेला रनिंग बोर्ड (छतावरची चालण्याची फळी) 1966 च्या ऑक्टोबरपासून नव्या बॉक्सकारवर बसवणे बंद झाले. जुन्या वाघिणींवरून तो काढण्याचे काम मात्र पुढे कित्येक वर्षे रेंगाळले. म्हणून 1972 च्या मांडणीवर दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी दिसले, तर ती चूक नव्हे.

वाघीण उलटी करून ब्रेकही पाहावा. जुन्या ‘के’ प्रकारात सिलिंडर आणि हवेची टाकी एकाच सांगाड्यात जोडलेली असते, तर 1930 च्या दशकात आलेल्या ‘एबी’ प्रकारात सिलिंडर, टाकी आणि झडप वेगवेगळ्या टांगलेल्या दिसतात. 1953 नंतर एका कंपनीकडून दुसरीकडे जाणाऱ्या वाघिणींवर ‘के’ ब्रेक चालत नसे.

1970 च्या दशकातील खुणा सर्वाधिक फसव्या आहेत. आमच्याच प्रदर्शनातील 1957 च्या मांडणीवर एक वाघीण कित्येक महिने फिरत होती. तिच्या खालच्या कडेला काळ्या चौकोनात पिवळा ठिपका असल्याचे एका चिकित्सक ग्राहकाने दाखवून दिले. तो ठिपका 1978 मधील चाकांच्या तपासणीचा. रंगीत आडव्या पट्ट्यांची ओळखपाटी 1967 पासून लागू लागली. ती पद्धत सुमारे दहा वर्षांत सोडून दिली गेली, तरी मळलेल्या पाट्या पुढेही अंगावर राहिल्या. पत्र्यावरच्या पिवळ्या परावर्तक पट्ट्या दिसल्या, तर ती वाघीण 2005 च्या नियमानंतरची समजावी.

सगळ्याच वाघिणी ठरलेल्या वर्षाच्या आसपास बांधलेल्या घेणे हीदेखील चूकच. मालगाडीत नवी कोरी वाघीण एखाददुसरी असते; बाकीच्यांनी दहा-वीस वर्षे ऊन-पाऊस सोसलेला असतो. मात्र याला वरची मर्यादा आहे : 1974 च्या जुलैपूर्वी बांधलेल्या वाघिणींना 40 वर्षांनंतर कंपन्यांमधील देवाणघेवाणीत सहसा स्थान नसते, त्यामुळे आजच्या काळाच्या मांडणीवर 1960 सालची बॉक्सकार आमच्या मते घेऊच नये.

बॉक्सकार देशभर भटकत, म्हणून त्या दूरदूरच्या कंपन्यांच्या असाव्यात. कोळशाच्या हॉपर (तळातून माल रिकामा करता येणाऱ्या वाघिणी) मात्र खाणीपासून ठरलेल्या मार्गांवर फिरत, म्हणून त्या मुख्यतः तुमच्या निवडलेल्या कंपनीच्याच घ्याव्यात. मागणी नोंदवताना वर्ष, प्रदेश आणि मुख्य कंपनी कळवल्यास वाघीण पाठवण्यासाठी खोक्यात बांधण्यापूर्वी आम्ही तिच्यावरील तारखा तपासतो. एखादीच खूण आडवी येत असेल, तर वाघीण न बदलता ती खूण झाकता येईल का, हेही सांगतो.