गहिवर वेगळा, प्रचिती वेगळी

आमच्या गावच्या सप्ताहात आत्या दर वर्षी एकाच जागी रडते. ज्ञानेश्वरीचं पारायण शेवटच्या दिवशी पसायदानाशी पोचतं, माईकवरून 'जो जें वांछील तो तें लाहो' ऐकू येतं आणि आत्याचा पदर डोळ्यांना लागतो. पसायदान तिला शाळेपासून पाठ आहे. त्यात आता नवं कळण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी रडते.

त्याच मांडवात दुपारच्या पंगतीनंतर कुणीतरी आपला अनुभव सांगायला बसतं. मुलगा दवाखान्यात होता, डॉक्टरांनी हात टेकले होते, महाराजांचा अंगारा लावला, सकाळी पोराने डोळे उघडले. ऐकणाऱ्या बायकांच्या अंगावर काटा येतो, दोघीतिघी रडतात, हात जोडले जातात. आत्या तेव्हा कोरडी असते. लहानपणी मला वाटायचं, हिची भक्ती अर्धवटच आहे.

आपण या दोन्हींना सरसकट 'भाव दाटून आला' म्हणतो, आणि घोटाळा तिथेच होतो. शरीराकडे खुणा मोजक्याच आहेत. डोळ्यांना पाणी, घशात आवंढा, अंगावर शहारा, थरथर. आपल्या जुन्या शास्त्राने त्यांची यादी आठांवर आणून ठेवली: स्तंभ (अंग जखडणं), स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य (रंग उडणं), अश्रू आणि प्रलय (शुद्ध हरपणं). हे अष्टसात्त्विक भाव मुळात भरताच्या नाट्यशास्त्रातले, म्हणजे रंगभूमीवरचे, तिथून ते भक्तीत आले. खुणा आठच आणि कारणं हजार. त्यामुळे बाहेरून बघून आत काय झालं ते ओळखता येत नाही.

ग्रंथाच्या शब्दाने होतं त्याला मी इथे गहिवर म्हणतो, आणि दुसऱ्याच्या आयुष्यात घडलेलं ऐकून होतं ते प्रचितीने हलणं.

गहिवराचं सगळ्यात नेमकं वर्णन खुद्द ज्ञानेश्वरीतच आहे, नवव्या अध्यायाच्या शेवटी. कृष्णाचं बोलणं सांगता सांगता संजयाची अवस्था होते ती अशी: 'चित्त चाकाटलें आटु घेत । वाचा पांगुळली जेथिंची तेथ । आपादकंचुकित । रोमांच आले ॥' चित्त थक्क झालेलं, वाचा जागच्या जागी लुळी, पायांपासून अंगभर रोमांच. डोळे अर्धे मिटलेले, त्यांतून पाणी, सर्वांगाला घाम. आणि हे सगळं ज्याला सांगायचं तो धृतराष्ट्र समोर ढिम्म. ज्ञानदेवांनी त्याला पुराच्या पाण्यात बसून राहिलेल्या, उठवून न उठणाऱ्या रेड्याची उपमा दिली आहे. शब्द दोघांच्या कानांवर तेच पडतात, फरक ऐकण्यात आहे. धृतराष्ट्राचा गीतेतला पहिलाच प्रश्न आठवा: माझ्या आणि पांडूच्या मुलांनी काय केलं? त्याला निकाल हवा आहे. संजयाला त्या घडीला निकालाची शुद्धही नाही.

पुढची ओवी मला जास्त आवडते. कृष्णार्जुनांचं बोलणं कानांवर येतं आणि संजयाच्या देहभानाचा 'वापसा' होतो. हा शब्द शेतकऱ्याचा. पाऊस पडून गेला, चिखल निवळला, जमीन पेरणीजोगी झाली की वापसा आला म्हणतात. संजय डोळे पुसतो, घाम टिपतो आणि धृतराष्ट्राला म्हणतो, लक्ष द्या महाराज. गहिवराचा हा स्वभाव ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तो माणसाला कामावरून उठवून नेत नाही, ओला करतो आणि पुन्हा कामाला लावतो. त्याला नव्या घटनेची गरज लागत नाही, उलट शब्द जितका मुरलेला तितका तो लवकर येतो. म्हणून आत्या दर वर्षी त्याच चरणाशी रडते. आणि त्यात काही सिद्ध करायचं नसतं. पसायदानाने रडू आलं म्हणून पसायदान खरं ठरत नाही, नाही आलं म्हणून खोटंही ठरत नाही.

प्रचितीची घडणच वेगळी आहे. तिच्यात एक माणूस असतो, एक संकट, एक वळण आणि एक दावा. हे असं घडलं, आणि अमक्यामुळे घडलं. ऐकणाऱ्याच्या मनात एकाच वेळी तीन गोष्टी चालतात. सांगणाऱ्याच्या दुःखाशी तो एकरूप होतो, सुटका ऐकून सैलावतो, आणि तिसरं, जे सहसा बोललं जात नाही: माझ्याही बाबतीत होईल का? पाणी येतं ते बरंचसं या तिसऱ्यातून. यात वाईट काही नाही, घरात दुखणं असलं की माणूस आशा ऐकायलाच मांडवात येतो. मात्र इथे कथा नवी लागते. तीच प्रचिती चौथ्यांदा ऐकताना काटा येत नाही. मग पुढची लागते, त्याहून मोठी लागते. फोनवर 'स्वामींची प्रचिती, अकरा जणांना पाठवा' असे निरोप फिरतात ते याच भुकेवर.

गंमत म्हणजे प्रचिती या शब्दाचा जुना अर्थ आजच्या नेमका उलट आहे. रामदास दासबोधात म्हणतात: 'प्रचितीविण जें बोलणें । तें अवघेंचि कंटाळवाणें । तोंड पसरून जैसें सुणें । रडोन गेलें ॥' सुणें म्हणजे कुत्रं. रामदासांची प्रचिती ही स्वतः पडताळून घेतलेली गोष्ट. आज तोच शब्द दुसऱ्याने सांगितलेल्या, आपण न पडताळलेल्या चमत्काराला लागतो. शब्दाचा इतका पुरता पालट क्वचितच झाला असेल.

तुकोबांकडे दोन्ही गोष्टी आहेत, आणि दोन्हींकडे बघण्याची त्यांची नजर वेगळी आहे. गहिवर ते मागून घेतात: 'सद्गदित कंठ दाटो । येणें फुटो हृदय', 'नेत्रीं जळ वाहो सदा'. शेवटी त्याला कृपादान म्हणतात, म्हणजे तो आपल्या हातचा नाही हे मान्य करून टाकतात. फळाच्या दाव्यापुढे मात्र हेच तुकोबा सरळ विचारतात: 'नवसें कन्यापुत्र होती । तरि कां करणें लागे पती'. रडणाऱ्याला त्यांनी पुरावा मागितला नाही, नवस फळल्याचं सांगणाऱ्याला मागितला. मलाही तीच वाटणी बरोबर वाटते. कायद्याचीही रेघ साधारण तिथूनच जाते. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा कुणाच्या गहिवराला हात लावत नाही. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं आणि अशा चमत्कारांचा प्रचार करून लोकांना फसवणं, हा त्यात गुन्हा आहे.

मराठी ख्रिस्ती मंडळींनी ही वाटणी शब्दांतच करून ठेवली आहे. पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, ते 'वचन', आणि माणसाने उभं राहून आपल्या आयुष्याबद्दल सांगायची ती 'साक्ष'. साक्ष हा कोर्टातला शब्द आहे. साक्षीदाराला उलटा प्रश्न विचारता येतो, एवढं तरी तो सुचवतो. कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीतल्या एका सहप्रवाशाने नवा करार दिला, तो एकट्याने वाचताना येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी ते थबकले, आणि 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हे वचनाचं हलवणं. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली जे झालं ते वेगळं होतं. मुली मोठमोठ्याने रडत, आपली पापं सगळ्यांदेखत कबूल करत होत्या, एकीचं ऐकून दुसरी ढवळून निघत होती. तिथे साक्षीने साक्ष पेटत गेली.

आता गुंत्याची जागा. गुरुचरित्र ही पोथी आहे, तिचं सात दिवसांचं पारायण होतं, सोवळ्याओवळ्याचे नियम आहेत. पण आत काय आहे? बहुतांशी प्रचितीच. चौदाव्या अध्यायात सायंदेव या भक्तावर जिवाचं संकट येतं आणि गुरुकृपेने टळतं, म्हणून संकटात लोक तेवढाच अध्याय वाचतात. गजानन विजयच्या 21 अध्यायांचंही तसंच. साक्ष ओवीत बसली, पिढ्यान् पिढ्या वाचली गेली की तिचं वचन होतं. मग तिने येणारं पाणी कुठलं? माझा अंदाज असा की पहिल्या वाचनाला ते प्रचितीचं असतं आणि विसाव्या वाचनाला गहिवराचं. कथा माहीत झाली, निकालाची ओढ संपली, आता ओवीची चालच पुरते.

शिऊरच्या संत बहिणाबाईंच्या बाबतीत हा प्रवास उलट्या दिशेने झाला. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनात त्यांनी तुकोबांचे अभंग ऐकले. तुकोबांना पाहिलेलंही नव्हतं, तरी ध्यास लागला, ब्राह्मण घरात त्यापायी नवऱ्याचा मार खाल्ला. मग तुकोबांनी स्वप्नात येऊन उपदेश केला, असं त्या स्वतः आपल्या अभंगांत सांगतात. आधी शब्द, मग अनुभव, आणि त्या अनुभवाचा पुन्हा शब्द. तुकोबांच्या अभंगांनी हललेल्या बाईचे अभंग आज आपल्याला हलवतात.

कीर्तनकारांना हा फरक पक्का ठाऊक असतो. अभंगाचं निरूपण रंगलं की ते पखवाज थांबवतात आणि चरण नुसता उघड्या गळ्याने म्हणतात. चरित्रातला प्रसंग आला की उलट लय चढवतात. मला त्यात लबाडी दिसत नाही. सुगरणीला फोडणी कधी द्यायची ते कळतं, तसंच हे.

मागच्या सप्ताहात पंगतीनंतर एका बाईने सांगितलं, सहा महिने गुडघे धरले होते, अकरा गुरुवार केले आणि आता जिना चढते. भोवती सगळ्यांचे हात जोडलेले. आत्याने तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "आणि गोळ्या?"

"गोळ्या चालूच आहेत की."

"मग बंद नको करूस हं," आत्या म्हणाली, आणि चष्मा पुसून तिने पुढचा अध्याय काढला.